मुळात नाही

दादांनी सव्वीस वर्षं
एका माणसाला मराठीत आणलं.
माणूस इंग्लंडातल्या एका खेड्याचा पाद्री,
साडेतीनशे वर्षांपूर्वी वारलेला.
दादा जुन्या जालन्यातले पाद्री,
हातात एकच जाड पुस्तक, शिवण उसवलेलं.

अँब्रोज थर्नल. दादा म्हणायचे अंबरोजी.
‘अंबरोजींना आज ताप आहे,’ जेवताना सांगायचे.
आई म्हणायची, मग त्यांना पेज देते,
तुम्ही तरी भाकरी खा.

कातडी कमावणाऱ्याचा पोरगा.
केंब्रिजात श्रीमंतांच्या पोरांची ताटं घासत
हिब्रू शिकला, मग अरबी.
अंगाचा चुन्याचा वास मरेपर्यंत गेला नाही,
असं त्याचे वैरी लिहून गेले.
इथं समासात दादांची पेन्सिल:
‘तिकडं ओकची साल. आपल्याकडं तरवड. आबांचे हात.’

मेंढीला सात भाषांत काय म्हणतात, ते पाठ.
गावातली मेंढी कुणाची, ते मात्र सांगता यायचं नाही.
रविवारी लोक डुलक्या घ्यायचे,
हा धातूंची रूपं समजावत राहायचा.
मुलं आठ. कोश एक, तोही अर्धा.

मग लढाई झाली, राज्य बदललं,
नव्या धन्यांनी कागद पुढं केला: सही करा.
यानं केली नाही.

पान दोनशे अकरा. इंग्रजीत एकच ओळ आहे:
त्याला त्याच्या ‘लिव्हिंग’मधून काढलं.
दादा या एका शब्दापाशी दीड वर्ष थांबले.
नेमणूक. पोटापाणी. जगणं. वतन.
सगळ्यांवर काट. वतनावर दोनदा.

आता मी टाइप करते, रविवारी दुपारी,
डावीकडं इंग्रजी, उजवीकडं दादांच्या वह्या.
एरवी बियाण्यांच्या कंपनीत असते,
ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे,
सातव्या दिवशी मोजायचं
किती जणांना मूळ फुटलं.
सवयच झाली आहे मोजायची.

तर त्या एका ओळीची
दादांच्या मराठीत चार पानं आहेत.

चार पानांत एप्रिलचं ऊन आहे.
हातगाडा आहे, त्यावर मोसंबीच्या खोक्यांत भरलेला कोश,
दारात कमिटीचे तिघं, कुलूप घेऊन,
त्यातला एक सारखा जमिनीकडं बघणारा.
अंबरोजींची बायको चूल पोतेरते,
जी उद्या तिची नाही.
आणि सगळ्यांच्या पुढं, भर दुपारी,
रॉकेलचा कंदील धरून एक मुलगी चाललेली,
कारण तिला काहीतरी धरायचंच होतं.

सोळाशे सत्तेचाळीसच्या इंग्लंडात
रॉकेल नव्हतं.

मला एवढंच ठाऊक होतं
की वाळवी लागली म्हणून क्वार्टर सोडलं.
आईनंही हेच सांगितलं, दरवेळी, त्याच शब्दांत.
स्मशानाची रस्त्याकडची पट्टी कमिटीनं कधी विकली
आणि कुणाची सही नसताना विकली,
हे मी कधी विचारलं नाही.
आज तिथं सळयांचं दुकान आहे.
मीही तिथून सळया घेतल्या, घराच्या स्लॅबला.
पावती अजून आहे.

प्रकाशक म्हणतात, मूळाशी ताडून पाहा,
जादाचं काढून टाका.
बरोबर आहे त्यांचं.
मी लाल पेन घेऊन बसले.
‘कुलूप लावताना त्याचा हात थरथरला’
हे मुळात नाही.
‘कडुलिंबाचा मोहोर गाड्यावर पडत राहिला’
हे मुळात नाही.
पेनाचं टोपण दातांत धरून
अंधार पडेपर्यंत बसले.
मग दिवा लावला, आणि पुन्हा टाइप करू लागले,
ऱ्हस्व-दीर्घसुद्धा दादांचे तसेच ठेवून.

कोश छापला गेला नाही. अंबरोजी
दुसऱ्याच्या घरात, खिडकीशी बसून गेले.
शेवटच्या पानावर सगळे जमतात, मुलं एकेक करून आत येतात.
इंग्रजीत आठ.
मी दोनदा मोजलं.
दादांच्या मराठीत नऊ.